बाराशे मीटरवरची चिंच

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण आजपर्यंत करमणूक म्हणूनच वाचत आले. मनात हेच यायचं की लिहिणाऱ्याची झोप झाली नसेल, अंगात ताप असेल, नाहीतर कुठेतरी ऐकलेलं स्वतःच्या नावावर खपवलं असेल. माझे वडील श्रीरामपूरला शाळेत विज्ञान शिकवायचे. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम थांबून त्याला बिस्कीट घालणारा माणूस. मी स्वतः फिजिक्स घेऊन एमएस्सी केलं. आणि नोकरीही अशी लागली की डोळ्याला जे दिसतं तेवढंच लिहायचं, त्याच्याखाली सही करायची. त्यामुळे हे लिहिताना मला संकोच वाटतोय... पण घडलं ते घडलं.

मी शिर्डीच्या विमानतळावर हवामान निरीक्षक आहे. ज्यांनी फक्त दर्शनाला येताना हे विमानतळ पाहिलंय त्यांना टर्मिनल, टॅक्सीवाले आणि हाराच्या पिशव्या एवढंच आठवत असेल. आमचं काम मागच्या बाजूला चालतं. दर अर्ध्या तासाने वारा, तापमान, ढग आणि व्हिजिबिलिटी नोंदवायची आणि टॉवरला कळवायची. व्हिजिबिलिटी म्हणजे किती लांबचं स्वच्छ दिसतं ते. यंत्रं असतात, पण माणसाच्या डोळ्याला अजून किंमत आहे. आमच्या गच्चीवरून ठरावीक खुणा दिसतात आणि प्रत्येकीचं अंतर मोजून ठेवलेलं असतं. चारशे मीटरवर विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी ती भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची लांब पिशवी. मग फायर स्टेशनचा मागचा पत्रा, गावाची पाण्याची टाकी, मोबाईलचा टॉवर, आणि पार लांब डोंगराची कड. यातली कुठली खूण दिसते आणि कुठली नाही, त्यावरून आकडा सांगायचा.

मी इथे रुजू झाले ती ऐन हिवाळ्यात. राहात्याला खोली घेतली होती आणि पहाटे स्कूटीवरून यायचे. हा सगळा भाग पूर्वी उघडा माळ. जिरायत जमीन, बाजरी-मटकी, बाकी कुसळं. आता पाट आणि विहिरींमुळे आजूबाजूला ऊस झालाय आणि थंडीत सकाळी त्या उसातून धुकं उठतं. पहिलं विमान यायच्या वेळेलाच नेमकं.

माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या सकाळची गोष्ट. हलकं धुकं होतं. खुणा बघता बघता रनवेच्या पलीकडे, थोडं डाव्या हाताला, मला एक झाड दिसलं. एकटंच, डेरेदार. बुंधा जरासा कललेला आणि एक फांदी खाली वाकून जवळजवळ जमिनीला टेकलेली. मला बरं वाटलं, कारण त्या दिशेला फायर स्टेशननंतर टाकीपर्यंत एकही खूण नव्हती. रनवेवरच्या पट्ट्यांच्या हिशोबाने मी अंतर काढलं — साधारण बाराशे मीटर. कुंपणाच्या बाहेर असेल असं धरून चालले आणि माझ्या वहीत लिहिलं, ‘चिंच, १२००’. अधिकृत यादीत नाही म्हणून रिपोर्टमध्ये ती वापरत नव्हते. मनातल्या मनात ताळा करण्यापुरती.

पुढे तीनेक आठवडे धुकं असेल त्या सकाळी मी त्या चिंचेकडे बघत होते. कधीकधी खाली कोणीतरी बाई बसलेली असायची. पाय पसरून, बुंध्याला टेकून. विमानतळाच्या आवारात गवत काढायला आसपासच्या बायका येतात, त्यातलीच एखादी असणार. दुपारी आकाश मोकळं झालं की मी लांबच्या डोंगराकडे बघत असे. जवळचं काही बघायची गरजच नसे, त्यामुळे उन्हात ती चिंच तिथे दिसते का हे मी कधी पाहिलंच नाही. हे आता आठवलं की माझ्याच डोक्यावर हात मारावासा वाटतो.

ती सकाळ मात्र वेगळी होती. सूर्य वर आला आणि धुकं विरायच्या ऐवजी एकदम दाटलं. आठच्या सुमारास विमान यायचं होतं. टॉवरमधून इंटरकॉमवर विचारणा झाली, “मॅडम, व्हिजिबिलिटी?”

मी कठड्याशी गेले. समोर चिंच स्वच्छ दिसत होती. इतकी स्वच्छ की पूर्वी कधी दिसली नव्हती. म्हणजे बाराशे तरी नक्की. मी इंटरकॉमचं बटण दाबलं आणि सवयीने नजर जवळच्या खुणेवर गेली.

विंडसॉक दिसत नव्हता.

मी पुन्हा पाहिलं. चारशे मीटरवरचा विंडसॉक नाही. फायर स्टेशनचा पत्रा नाही. आमच्याच इमारतीच्या पुढचा दिव्याचा खांब कसाबसा दिसत होता. आणि त्या सगळ्याच्या मागे, पांढऱ्या भिंतीत खिडकी पाडावी तशी ती चिंच. फांद्यांना लोंबणारे चिंचेचे आकडेसुद्धा दिसत होते.

“मॅडम?”

“दोनशे,” मी म्हणाले. “दोनशे मीटर. सगळ्या दिशांना.”

 मी बाराशे म्हटलं असतं तर विमान खाली यायला निघालं असतं. विमान वर थोडा वेळ घिरट्या घालत राहिलं, त्याचा आवाज येत होता, मग ते पुण्याकडे वळवलं. मी तिथेच उभी. डोळे चोळले, चष्मा पुसला, पाठ फिरवून पुन्हा वळले. झाड होतं तिथेच होतं, आणि खाली ती बाईही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नामदेवमामा आले. हे आमच्या रनवे तपासणीच्या जीपचे ड्रायव्हर. विमान उतरण्याआधी रनवेवर दगड, कुत्रं, मेलेलं पाखरू असं काही नाही ना हे बघायला जी गाडी फिरते, ती यांच्याकडे. पन्नाशी ओलांडलेले, शेजारच्याच गावचे. त्यांच्या घरची जमीन विमानतळात गेली आणि त्यांना इथे काम मिळालं. धुक्यामुळे तपासणी थांबली म्हणून ते चहा घेऊन वर आले होते.

मी म्हणाले, “मामा, समोर बघा. रनवेच्या पलीकडे, जरा डावीकडे. काय दिसतंय?”

“धुकं हाय की, ताई. दुसरं काय दिसनार?”

“झाड नाही दिसत?”

ते हसले. “कुठलं झाड? पाखरं बसत्यात म्हनून हितं बाभळीचं खोड बी ठिवलं न्हाई. आन् त्या अंगाला कुंपनाभायेरबी नुसता ऊस हाय.”

“चिंच आहे मामा. मोठी. बुंधा उजवीकडे कललाय आणि एक फांदी खाली जमिनीपर्यंत आलीय.”

मामांचं हसू थांबलं. त्यांनी हातातले कप कठड्यावर ठेवले. मग अगदी हळू आवाजात, माझ्याकडे न बघता विचारलं, “त्या खालच्या फांदीला काय बांधल्यालं हाय का?”

मी नीट पाहिलं. “दोरी आहे. दोन पदरी. झोळी बांधतात तशी. झोळी नाहीये, नुसती दोरी लोंबतेय.”

“बुंध्याला?”

“खाली एका बाजूला साल गेलीय. काळं पडलंय, जळल्यासारखं.”

“ईज पडली हुती,” मामा म्हणाले. “मी लहान हुतो तवा.”

आणि हे सगळं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की बाराशे मीटरवरची दोरी माणसाला दिसूच शकत नाही. स्वच्छ उन्हातसुद्धा नाही. मला मात्र तिच्या गाठी मोजता येत होत्या.  लोक म्हणतात ना की भीतीने ओरडावंसं वाटतं... मला ओरडावंसं वगैरे काही वाटलं नाही. फक्त कान बधिर झाल्यासारखे झाले आणि मामा काय बोलतात ते लांबून ऐकू यायला लागलं.

“ती आमची चिंच, ताई. आमच्या रानातली. पन ती तिथं न्हाई. ती मी पाडली. सपाटीकरनाचं काम चाललं तवा जेसीबी मीच चालवत हुतो. दुसऱ्या कुनाच्या हातनं पडन्यापरीस आपल्या हातनं पडावी म्हनलं.” ते थांबले. “खाली कोन हाय का?”

“एक म्हातारी बाई बसलीय. हिरवं लुगडं. पाय पसरून. उजवा पाय जरा आखडलेला आहे.”

मामा मटकन खाली बसले. गच्चीच्या ओल्या फरशीवरच. मला वाटलं त्यांची आई गेलेली असणार. 

ते म्हणाले, “आई घरी हाय. दीड वरीस झालं, खुबा मोडल्यापासून खाटेवरच हाय.”

नऊच्या पुढे धुकं उठलं. उठताना आधी खांब दिसला, मग विंडसॉक, मग फायर स्टेशन. चिंच कधी गेली ते मला सांगता येणार नाही, कारण मी एकटक बघत होते आणि तरी ते मला कळलं नाही. तपासणीच्या फेरीत मामा मला जीपमध्ये घेऊन गेले. मी अंदाज केलेल्या जागी आम्ही थांबलो; ती कुंपणाच्या आतच निघाली. कापलेलं गवत होतं, दोन टिटव्या ओरडत उडाल्या. मामांनी पायाने जमीन चाचपली. काही नव्हतं. खड्डा नाही, मूळ नाही. माणूस बसला असता तर गवत दबलं असतं, तेही नाही. मग आम्ही परत आलो.

दुपारी दोनला माझी ड्यूटी संपली. मामा म्हणाले, “ताई, घरी चला. आईला बघा एकदा.” मला जायचं नव्हतं. पण त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवेना.

गावात त्यांचं नवीन स्लॅबचं घर आहे. वाटेत त्यांनी गाडी थांबवली आणि मला एक सांगितलं. चिंच पाडली त्या आठवड्यात त्यांनी आईला देवळाली प्रवऱ्याला बहिणीकडे नेऊन सोडलं होतं. ती परत आली तोवर कुंपण झालेलं. “तिला म्हनलं चिंच आत हाय, सुखरूप हाय, फकस्त आत सोडत न्हाईत. अजून तेच सांगतो. आमी चारी भावंडं त्या झोळीत वाढलो. तिला खरं सांगायचं धाडसच झालं न्हाई कदी.”

घरात मामांच्या बायकोने, शांताबाईंनी, पाणी दिलं. आतल्या खोलीत खिडकीशी खाट होती. आजी अगदी वाळून गेलेल्या, पांढरे केस, अंगावर धुऊन विटलेलं हिरवं लुगडं. दाराशीच माझे पाय थांबले. शांताबाई मला हळूच म्हणाल्या, “त्या कुनाला वळखत न्हाईत. ह्यांना बी धाकल्या दिराच्या नावानं हाक मारत्यात. बसा तुमी, घाबरू नका.”

मी खाटेशेजारच्या खुर्चीवर बसले. मामा म्हणाले, “आई, ह्या विमानतळावरच्या म्याडम.”

आजींनी मान वळवली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. डोळे स्वच्छ होते, ओळखीचं माणूस भेटल्यावर होतात तसे.

“निळा मफलर कुठं हाय आज?” त्या म्हणाल्या.

पहाटे मी गुंडाळते तो मफलर विमानतळावर, स्कूटीच्या डिकीत होता. दुपारच्या उन्हात काढून ठेवलेला. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली — मी काही सांगितलं नाही, अशा अर्थी.

“उंचावर उभी ऱ्हाती तू,” आजी बोलत होत्या. आवाज बारीक, पण अडखळत नव्हत्या. “सकाळच्या पारी. माझ्याकडं बघती आन् वहीत लिवती. मी म्हनते, ही पोरगी कोन, हाक का मारीना.”

माझं डोकं त्या अवस्थेतही कारणं शोधत होतं. मामांनी कधीतरी घरी बोलता बोलता सांगितलं असेल, गच्चीवर एक नवी बाई असते, निळा मफलर घालते. आजींच्या कानावर पडलं असेल. हे शक्य होतं. मी मनाशी तसं म्हणतही होते, तेवढ्यात आजींनी खाटेवरून हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर ठेवला.

“त्या दिशी रडत का हुतीस गं? कठड्याला धरून. तोंडात पदर धरत्यात तसा तो मफलर धरला हुतास. मी हात केला तुला. म्हनलं ये, बस जरा हितं माझ्यापाशी. तू पाहिलंच न्हाई.”

हे कोणालाच माहीत नव्हतं. दहा-बारा दिवसांपूर्वी गुरुवारी, सकाळच्या ड्यूटीत, भावाचा फोन आला होता. आमच्या आईच्या गाठीचा रिपोर्ट आला होता आणि तो चांगला नव्हता. मी जिन्याचं दार आतून लावून घेतलं, कठड्याशी गेले आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मफलर तोंडात धरून रडले. पाच मिनिटं असेल. धुकं होतं. खालून माझी इमारतसुद्धा दिसत नसणार. मग तोंड धुऊन पुढची नोंद केली. घरी, ऑफिसात, कुठेच मी याबद्दल बोलले नव्हते.

माझं मनगट त्यांच्या हाताखाली होतं आणि मला ते काढून घेता येत नव्हतं. त्या कोरड्या, गरम हाताचा स्पर्श मला आज लिहितानाही जाणवतोय. शांताबाई काहीतरी विचारत होत्या, बहुतेक चहाचं. 

आणि मग मामा खाटेपाशी खाली बसले. सकाळपासून त्यांच्या आत जे साठलं होतं ते एकदम बाहेर आलं. “आई, चिंच न्हाई गं ऱ्हायली. मी तुला खोटं सांगितलं इतकी वर्सं. मीच पाडली. माझ्या हातानं पाडली. तिथनं आता विमानं जात्यात.”

शांताबाईंनी त्यांच्या खांद्याला धरलं. मला वाटलं, आता म्हातारी हंबरडा फोडणार. पण आजी नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या, लहान पोर काहीबाही बरळतंय आणि आई ऐकून घेतेय तशा.

“काय येड्यावानी बोलतो नामदेवा,” त्या म्हणाल्या. दीड वर्षात त्यांनी मुलाला त्याच्या नावाने हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदा. हे मला नंतर शांताबाईंनी सांगितलं. “आज सकाळीच तर जाऊन आले मी. आकडं लागल्यात यंदा, लई लागल्यात. तुझा इस्वास न्हाई तर हिला इचार. ही बघत हुती की.”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सांग गं त्याला. चिंच हाय का न्हाई?”

तिघंही माझ्याकडे बघत होते. मामांचे डोळे वाहत होते. आजारी माणसाचं मन राखायला आपण होला हो म्हणतो, तसं म्हणणं सोपं होतं. पण मला तशी गरज नव्हती. माझ्या नोकरीत मला एकच प्रश्न विचारतात, काय दिसलं, आणि मी जे दिसलं ते सांगते.

“आहे, आजी,” मी म्हणाले. “सकाळी मी पाहिली. आकडेही पाहिले. भरपूर लागलेत.”

आजींनी मान डोलावली, माझं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मामा उठून बाहेर गेले. मागच्या अंगणात बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर मी तीन-चारदा त्या घरी गेले. आजींनी मला पुन्हा ओळखलं नाही. एकदा नर्स समजल्या, एकदा माहेरची कोणी. नामदेवमामांना मात्र त्या शेवटपर्यंत नामदेवाच म्हणत होत्या. त्या हिवाळ्यात आणखी दोनदा दाट धुकं पडलं. दोन्ही वेळा चिंच दिसली, दोन्ही वेळा खाली त्या बसलेल्या होत्या. दुसऱ्या वेळी मी इकडे-तिकडे बघून हात वर केला. तिकडूनही हात वर झाला. मी खाली येऊन जिन्यावर बसून राहिले. उन्हाळा लागता लागता आजी गेल्या — घरी, दुपारी, झोपेतच.

माझ्या एका सहकाऱ्याला मी हे सांगितलं होतं. तो हुशार आहे. त्याने मला थंड हवेच्या थरातून प्रकाश कसा वाकतो आणि लांबची वस्तू भलतीकडे कशी दिसते ते कागदावर काढून दाखवलं. ते मलाही येतं. पण प्रकाश वाकायला मुळात वस्तू कुठेतरी असावी लागते. आणि त्या झाडाखालून मला रडताना कोणी पाहिलं, याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं. वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, “मला माहीत नाही.” त्यांच्या तोंडून हे वाक्य मी फार कमी वेळा ऐकलंय. माझ्या आईचे उपचार झाले, ती आता बरी आहे. त्याचा याच्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही.

मी अजून त्याच विमानतळावर आहे. पुढचा हिवाळा आला, त्याच्या पुढचाही आला. धुकं तसंच पडतं. मी कठड्याशी उभी राहून आधी विंडसॉक बघते, मग फायर स्टेशन, आणि मग त्या बाजूला बघते. पांढरं असतं. नुसतं पांढरं.

अशा सकाळी नामदेवमामा जीप आमच्या जिन्याखाली आणून थांबवतात. खाली उतरतात आणि वर माझ्याकडे बघतात. विचारत काही नाहीत. मी नाही म्हणून मान हलवते. मग ते थोडा वेळ त्या दिशेला तोंड करून उभे राहतात आणि गाडीत जाऊन बसतात.